नामदार गोखले आणि हरलेलीं मतें

गेल्या सहामाहींत इतिहासाच्या तासाला नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या शिक्षणबिलाची हकीकत आम्ही वर्गांत सांगत होतों. तें बिल ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें एवढें सांगून आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळणार, तोंच मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उठला आणि त्यानें विचारलें कीं, आपण हरणार हें ज्याला आधींच ठाऊक होतें, त्यानें मतें मागितलींच कशाला? वर्गांत हंशा पिकला; परंतु प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. घंटा वाजली म्हणून त्या दिवशीं आम्ही सुटलों, पण प्रश्न कांहीं सुटला नाहीं. पुढें सुटींत गोखल्यांचें चरित्र आम्हीं पुन्हां एकवार अभ्यासिलें, आणि त्या विद्यार्थ्यास जें उत्तर द्यावयास पाहिजे होतें तें या लेखांत देण्याचें योजिलें. पालकवर्गानेंही हा लेख वाचावा अशी आमची इच्छा आहे. कारण मत देण्याचा हक्क आज त्यांच्या हातीं आहे, आणि थोड्याच वर्षांनीं तो त्यांच्या मुलांच्या हातीं येणार आहे.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांत, गुहागरजवळील कोतळूक या खेड्यांत झाला. वडील कृष्णराव हे कोल्हापूरजवळील कागल येथें नोकरीस होते. घरची स्थिति बेताची. त्यांतच १८७९ सालीं वडील वारले. त्या वेळीं गोपाळरावांचें वय अवघें तेरा वर्षांचें होतें. वडील बंधु गोविंदराव यांनीं आपलें शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली, आणि त्या पंधरांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठीं कोल्हापुरास पाठवीत. सात रुपयांत संसार आणि आठ रुपयांत भावाची विद्या, असा तो हिशेब होता. गोपाळराव एक वेळ जेवून आणि रस्त्यावरील दिव्याखालीं बसून अभ्यास करीत, असें सांगतात. कसेंही असो, फीच्या एका रुपयाची किंमत काय असते हें त्यांना लहानपणींच कळलें, आणि तें त्यांनीं जन्मभर विसरलें नाहीं. पुढें कलकत्त्याच्या भव्य दिवाणखान्यांत गरिबांच्या शिक्षणासाठीं जो पुरुष उभा राहिला, त्याच्या पाठीशीं हे आठ रुपये उभे होते, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

कोल्हापूर, पुणें आणि मुंबई येथील कॉलेजांत शिकून १८८४ सालीं ते एल्फिन्स्टन कॉलेजांतून पदवीधर झाले. त्या काळीं पदवीधरास सरकारी नोकरी किंवा वकिली या दोन्ही वाटा मोकळ्या होत्या, आणि भावाच्या ऋणाची जाणीव असलेल्या तरुणानें त्यांपैकीं एखादी धरली असती तर कोणींही नांवें ठेवलीं नसतीं. परंतु १८८५ सालीं ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षक झाले आणि पुढल्याच वर्षीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. वीस वर्षें दरमहा पंचाहत्तर रुपयांवर शिकवावयाचें, अशी ती प्रतिज्ञा होती. फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे जे जे विषय वांट्यास आले ते ते शिकविले. त्यांचें अंकगणिताचें पुस्तक पुष्कळ वर्षें शाळांतून चालत असे. १९०२ सालीं कॉलेज सोडतांना त्यांना दरमहा तीस रुपयांचें पेन्शन मिळालें. ही रक्कम वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा संबंध पुढें येणार आहे.

शिक्षकाचा धंदा चालू असतांनाच न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांची दृष्टि या तरुणावर गेली. रानड्यांची शिकवणी कडक होती. सरकारी अहवाल, जमाखर्चाचीं बुकें, जुने ठराव हें सर्व वाचावें, ताडून पाहावें, आणि मगच लेखणी उचलावी. एक आंकडा चुकला तरी सर्व मजकूर परत यावयाचा. १८९० पासून गोपाळराव सार्वजनिक सभेचे चिटणीस होते आणि तिच्या त्रैमासिकाचें काम पाहात होते. आगरकरांच्या सुधारक पत्राची इंग्रजी बाजूही त्यांनीं कांहीं वर्षें सांभाळिली. सरकारशीं बोलतांना आवाज चढविण्यापेक्षां पुरावा वाढवावा, हा धडा त्यांनीं या काळांत गिरविला.

एकदां मात्र हा धडा त्यांच्याकडून चुकला, आणि त्याची त्यांनीं पुरी किंमत दिली. १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं ते विलायतेस गेले होते. त्यांची साक्ष उत्तम झाली. परंतु त्याच सुमारास पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तासाठीं नेमलेल्या गोऱ्या शिपायांच्या वर्तनाविषयीं मित्रांकडून भयंकर मजकुराचीं पत्रें त्यांना आलीं, आणि त्यांच्या आधारें त्यांनीं तेथील वर्तमानपत्रास माहिती दिली. सरकारनें पुरावा मागितला. परत आल्यावर पाहतात तों ज्यांनीं लिहिलें होतें ते पुढें येण्यास तयार नाहींत. मित्रांचीं नांवें उघड करून स्वतःस वांचविणें त्यांना शक्य होतें. तें त्यांनीं केलें नाहीं. जें सिद्ध करतां येत नाहीं तें आपण बोलावयास नको होतें, असें मानून त्यांनीं बिनशर्त क्षमा मागितली. पुण्यांत त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. भित्रा, सरकारला शरण गेलेला, अशीं विशेषणें त्यांना मिळालीं. आम्हांस वाटतें कीं, त्या दिवशीं गर्दीच्या विरुद्ध उभें राहण्यास जें धैर्य लागलें, तेंच पुढें सरकारच्या विरुद्ध उभें राहतांना उपयोगीं पडलें.

आतां कायदेकौन्सिल म्हणजे काय होतें, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १८९२ च्या कायद्यान्वयें हिंदुस्थानांतील कौन्सिलांत कांहीं थोडे लोकपक्षीय सभासद अप्रत्यक्ष निवडणुकीनें येऊं लागले. त्यांना प्रश्न विचारतां येत. परंतु उत्तर न पटल्यास उलट प्रश्न करण्याची परवानगी नव्हती. अंदाजपत्रकावर वर्षांतून एकदां बोलतां येई, पण त्यांतील एका रकमेवरही मत घेतां येत नसे. कायद्याच्या बिलावर मतें पडत, परंतु सरकारी अधिकाऱ्यांचें बहुमत कायमचें ठरलेलें. म्हणजे सभासद बोलावयास उभा राहण्यापूर्वींच निकाल लागलेला असे. अशा सभेंत दोन प्रकारचे लोक सुखानें नांदत. पहिले, पदवी व मानमरातब यांवर डोळा ठेवून सरकारच्या बाजूनें हात वर करणारे. दुसरे, बाहेरच्या टाळ्यांवर डोळा ठेवून सरकारच्या विरुद्ध हात वर करणारे. दोघांनाही अभ्यास करण्याचें कारण नसे, कारण दोघांच्याही मतानें कांहीं बदलणार नव्हतें. गोखल्यांना या दोहोंपेक्षां निराळी वाट काढावयाची होती.

१८९९ सालीं ते मुंबईच्या कायदेकौन्सिलावर निवडून आले. दोन वर्षांनीं, ऑगस्ट १९०१ मध्यें, जमीनमहसुलाच्या कायद्यांत दुरुस्ती करणारें बिल तेथें आलें. दुष्काळानें रयत टेकीस आली होती आणि सारा थकला होता. थकबाकीबद्दल सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्यास पुन्हां लावून द्यावी, परंतु ती विकण्याचा अगर गहाण ठेवण्याचा त्याचा हक्क काढून घ्यावा, असा बिलाचा रोख होता. शेतकऱ्याचा सावकारापासून बचाव व्हावा हा हेतु सांगण्यांत आला. लोकपक्षीय सभासदांचें म्हणणें असें कीं, ज्यांच्या जमिनीचा प्रश्न आहे त्यांचें मत तरी आधीं विचारा, घाई करूं नका. सरकारी बहुमतानें ही साधी मागणीही धुडकावून लाविली. तेव्हां सर फेरोजशहा मेथा उठून बाहेर निघून गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ गोखले व इतर कांहीं सभासदही गेले. जातांना गोखल्यांनीं सांगितलें कीं, यांत कोणाचा अपमान करण्याचा हेतु नाहीं. कर्तव्यबुद्धि पुढें काय करावयाचें तें सांगत आहे, तिचें ऐकणें प्राप्त आहे. बिल अर्थातच मंजूर झालें. परंतु मवाळ म्हणून ज्यांची थट्टा होई, त्यांनींही एक मर्यादा आंखून ठेविली होती, हें त्या दिवशीं दिसलें. जेथें मत देणें म्हणजे केवळ सोंगांत भाग घेणें होतें, तेथें मत न देतां बाहेर पडणें हेंच खरें मत होतें.

पुढल्या वर्षीं सर फेरोजशहांच्या जागीं गोखले वरिष्ठ कायदेकौन्सिलावर गेले. २६ मार्च १९०२ रोजीं अंदाजपत्रकावर त्यांचें पहिलें भाषण झालें. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानीं होते. तिजोरींत लागोपाठ शिल्लक पडत होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून सांगितली जात होती. गोखल्यांनीं सरकारचेच आंकडे सरकारपुढें मांडले आणि दाखविलें कीं, दुष्काळ व प्लेग यांनीं प्रजा गांजलेली असतां तिजोरी भरते, याचा अर्थ प्रजा श्रीमंत झाली असा नसून कर गरजेपेक्षां जास्त आहेत असा आहे. मिठावरील कर कमी करा, लहान उत्पन्नावरील प्राप्तीचा कर काढा, शिक्षणावर अधिक खर्च करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. या भाषणावर मत घेण्याची सोयच नव्हती. तथापि १९०३ सालीं मिठाचा कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, १९०५ सालीं तो दीड रुपया झाला आणि १९०७ सालीं एक रुपया. प्राप्तीच्या कराची माफीची मर्यादाही १९०३ सालीं पांचशें रुपयांवरून हजारावर गेली. हें सर्व एकट्या गोखल्यांमुळें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या सभेंत मत शून्य होतें तेथेंही अभ्यासलेल्या शब्दास वजन येऊं शकतें, एवढें यावरून खास दिसतें.

शब्दास वजन येतें तसेंच तें पुष्कळदां येतही नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. सरकारी गुपितांच्या बिलास गोखल्यांनीं विरोध केला. १९०४ सालीं तें मंजूर झालें. विश्वविद्यालयांवर सरकारचा ताबा वाढविणाऱ्या बिलावर त्यांनीं कलमाकलमागणिक वाद घातला. तेंही त्याच सालीं मंजूर झालें. १९०७ सालीं सभाबंदीच्या बिलास त्यांनीं निक्षून विरोध केला; तेंही मंजूर झालें. हार ही त्यांच्या अंगवळणीं पडली होती. परंतु प्रत्येक हारीच्या वेळीं सरकारला भर सभेंत कारणें द्यावीं लागलीं, तीं छापिलीं गेलीं, आणि लोकांनीं तीं वाचलीं. ज्या राज्यांत हुकूम पूर्वीं कारणाशिवाय निघत, तेथें हाही फरक लहान नव्हता.

१२ जून १९०५ रोजीं पुण्यांत त्यांनीं भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बनारस येथें ते राष्ट्रसभेचे अध्यक्ष झाले. दोन वर्षांनीं सुरतेस राष्ट्रसभा फुटली. लोकमान्य टिळक आणि गोखले यांच्या वाटा निराळ्या झाल्या. टिळकपक्षाचा आक्षेप असा होता कीं, ज्या सभेंत बहुमत परकी सरकारचें आहे, तेथें जाऊन भाषणें करणें म्हणजे त्या सरकारला न्यायाचा बुरखा पुरविणें आहे. हा आक्षेप पोकळ नव्हता. १९०९ च्या कायद्यानें वरिष्ठ कौन्सिलांतील अधिक सभासदांची संख्या साठांपर्यंत वाढविली आणि त्यांपैकीं २७ जागा निवडणुकीच्या केल्या. ठराव मांडण्याचा व उलट प्रश्न विचारण्याचा हक्कही दिला. तथापि सरकारी बहुमत कायमच राहिलें. घर मोठें झालें, किल्ली मात्र पूर्वींच्याच हातीं राहिली.

या नव्या कौन्सिलांतील गोखल्यांच्या तीन गोष्टी आम्हांस मुद्दाम सांगावयाच्या आहेत. कारण त्यांपैकीं एकींत त्यांना यश आलें, एकींत आमच्या मतें ते चुकले, आणि एकींत ते हरले.

पहिली गोष्ट २५ फेब्रुवारी १९१० ची. नाताळ वसाहतींत मजुरीच्या कराराखालीं हिंदी माणसें नेण्यांत येत आणि तेथें त्यांचे हाल होत. ही भरती बंद करण्याचा अधिकार सरकारनें घ्यावा असा ठराव गोखल्यांनीं मांडला. सरकारनें तो मान्य केला, आणि जुलै १९११ पासून नाताळची भरती बंद झाली. १९१२ सालीं ही पद्धति सर्वच वसाहतींतून उठवावी असा ठराव त्यांनीं आणला, तेव्हां तो नामंजूर झाला. परंतु पुढें १९१६ सालीं पंडित मदनमोहन मालवीय यांनीं तीच मागणी केली असतां सरकारला ती तत्त्वतः मान्य करावी लागली, आणि १९१७ सालीं भरती थांबली. तो दिवस पाहण्यास गोखले जिवंत नव्हते.

दुसरी गोष्ट त्याच फेब्रुवारी महिन्यांतील छापखान्यांच्या कायद्याची. नाशिक व कलकत्ता येथें झालेल्या खुनांमुळें सरकार धास्तावलें होतें. छापखान्यांकडून जामिनाची रक्कम घ्यावी व आक्षेपार्ह मजकुराबद्दल ती जप्त करावी, असें तें बिल होतें. लोकमान्य त्या वेळीं मंडालेच्या तुरुंगांत होते. पंडित मालवीय व भूपेंद्रनाथ बसू यांनीं बिलास विरोध केला. ज्यानें जन्मभर वर्तमानपत्रांच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली, त्या गोखल्यांनीं मात्र परिस्थितीकडे बोट दाखवून, नाइलाज म्हणून त्या बिलास संमति दिली. त्यांच्या मनाची ओढाताण झाली असेल यांत शंका नाहीं. देशांत रक्तपात वाढला तर मिळालेल्या थोड्या सुधारणाही जातील, हें भय खरें होतें. तरी आम्हांस वाटतें कीं, त्यांचें मत येथें कमी पडलें. त्या कायद्यानें पुढें किती तरी निरुपद्रवी पत्रांचा गळा आवळला, आणि १९२२ सालीं तो रद्द करावा लागला. ज्या दिवशीं विरोधाचें मत नुसतें खुणेपुरतें असतें, त्या दिवशींही तें न देण्याची किंमत कोणास तरी भरावी लागते. थोरांच्या चरित्रांतून हीं पानें फाडून टाकूं नयेत. तीं वाचल्यानें थोरपणा कमी होत नाहीं, आपली समज मात्र वाढते.

तिसरी गोष्ट शिक्षणबिलाची. १९११ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांत शंभरांत सुमारें सहा माणसें साक्षर निघालीं. इंग्लंडांत १८७० सालापासून, बडोदें संस्थानांत श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या हुकमानें १९०६ पासून, सक्तीच्या शिक्षणाचा मार्ग आंखला गेला होता. बडोद्यास जें साधतें तें ब्रिटिश हिंदुस्थानास कां साधूं नये, असा गोखल्यांचा सवाल होता. मार्च १९१० मध्यें त्यांनीं याविषयीं ठराव मांडला आणि सरकारनें विचाराचें आश्वासन दिल्यावर परत घेतला. १६ मार्च १९११ रोजीं त्यांनीं बिलच आणलें. तें इतकें सौम्य होतें कीं, आज वाचतांना आश्चर्य वाटतें. सक्ती सर्व देशांत एकदम नाहीं. ज्या नगरपालिकेस अगर लोकलबोर्डास इच्छा असेल तिनें सरकारच्या संमतीनें ती आपल्या हद्दींत लागू करावी. तीही जेथें मुलांचें ठराविक प्रमाण आधींच शाळेंत जात आहे तेथें. वयाची मर्यादा सहा ते दहा वर्षें. प्रथम मुलगे, मुलींचा विचार मागाहून. ज्या पालकाची मिळकत दरमहा दहा रुपयांहून अधिक नाहीं, त्याच्याकडून फी घ्यावयाची नाहीं. ही दहा रुपयांची मर्यादा वाचली कीं, पंधरांतील आठ रुपये पाठविणाऱ्या गोविंदरावांची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं.

बिल मतासाठीं देशभर फिरविलें गेलें. १८ व १९ मार्च १९१२ रोजीं त्यावर वाद झाला. मालवीय, महमदअली जीना इत्यादिकांनीं त्याचा पुरस्कार केला. शिक्षणखात्याचे मुख्य सर हारकोर्ट बटलर यांनीं सरकारतर्फें विरोध केला: पैसा नाहीं, शिक्षक नाहींत, लोकांची तयारी नाहीं, प्रांतिक सरकारें अनुकूल नाहींत. कांहीं हिंदी सभासदांनींही विरोध केला. शेतकऱ्याचें पोर शिकलें तर शेतांत कोण राबणार, ही चिंता त्या काळीं पुष्कळ बड्या घरांतून होती. गोखल्यांनीं उत्तराच्या भाषणांत सांगितलें कीं, दिवस मावळण्यापूर्वीं आपलें बिल फेंकलें जाणार हें आपणास ठाऊक आहे, त्याबद्दल तक्रार नाहीं आणि खेदही नाहीं. आपल्या पिढीनें अपयशांच्या द्वारेंच देशाची सेवा करावयाची आहे, यशाची सेवा पुढील पिढ्यांच्या वांट्याची आहे. मग मतें मोजलीं गेलीं. बिलाच्या बाजूनें १३ व विरुद्ध ३८. निवडणुकीच्या २७ जागा असलेल्या सभेंत त्यांच्या निम्म्याइतकींही मतें बिलाच्या पदरीं पडलीं नाहींत. हार सरकारच्या बहुमतानें झाली खरी. पण आपलींही माणसें कितीशीं बरोबर आहेत, हें त्या मोजणीनें उघड केलें.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. मतें मागितलीं नसतीं तर काय झालें असतें? बिल परत घेतलें असतें तर सरकारनें गोड शब्दांत आभार मानले असते, आणि कोण कोठें उभा होता हें कोणासच कळलें नसतें. मत घेतल्यामुळें ३८ आणि १३ असे दोन आंकडे इतिहासांत कायमचे कोरले गेले. शिवाय तें बिल मतासाठींच तयार केलें असल्यामुळें त्यांत कलमें होतीं, खर्चाचा अंदाज होता, अडचणींचीं उत्तरें होतीं. म्हणून तें मेलें तरी त्याचा सांगाडा उपयोगीं पडला. १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांनीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत नगरपालिकांना सक्तीचें शिक्षण सुरू करण्याचा अधिकार देणारा कायदा मंजूर करून घेतला, आणि थोड्याच वर्षांत इतर प्रांतांतही तसे कायदे झाले. १९५० च्या राज्यघटनेंत चवदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचें ध्येय लिहिलें गेलें, आणि २००९ सालीं सहा ते चवदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीचा तो कायदेशीर हक्क झाला. तेरा मतांपासून या हक्कापर्यंत ९७ वर्षें गेलीं. वाट लांब खरी, पण पाऊलवाट कोणी तरी पाडावी लागते.

गोखले पुढें तीनच वर्षें जगले. १९१२ सालीं ते दक्षिण आफ्रिकेस जाऊन तेथील हिंदी लोकांची स्थिति पाहून आले. महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरु मानीत. मधुमेहानें शरीर पोखरलें होतें, तरी सरकारी नोकऱ्यांविषयींच्या कमिशनाचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. १९१४ सालीं सरकारनें सर ही पदवी देऊं केली. ती त्यांनीं नम्रपणें नाकारली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं पुण्यांत त्यांचा अंत झाला. वय ४८ वर्षांचें. ज्यांच्याशीं जन्मभर मतभेद झाला त्या लोकमान्यांनीं स्मशानांत त्यांच्या गुणांचा गौरव केला.

मताचें स्वातंत्र्य कशानें येतें, याचा विचार केला म्हणजे आम्हांस गोखल्यांचें तें तीस रुपयांचें पेन्शन आठवतें. ज्यास सरकारपासून जहागीर नको, पदवी नको, मुलाला नोकरी नको, त्याला सरकार काय करणार? आणि ज्यानें १८९७ सालीं गर्दीच्या शिव्या सोसल्या, त्याला टाळ्यांचें आमिष कोण दाखविणार? हातवर करण्यापूर्वीं हे दोन्ही दोर ज्यानें कापले आहेत, त्याचें मत हरलें तरी स्वतंत्र असतें. ज्यानें ते कापले नाहींत, त्याचें मत जिंकलें तरी दुसऱ्याचें असतें. गोखल्यांचे दोर नेहमींच पुरते कापलेले होते असें नाहीं, हें छापखान्यांच्या कायद्याच्या वेळीं दिसलेंच. परंतु इतके कापलेला सभासद त्या दिवाणखान्यांत विरळा होता.

येथें एक कबुली दिल्याखेरीज लेखणी ठेववत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका संस्थेच्या समितींत आम्ही सभासद होतों. एका गरीब विधवेच्या मुलाची फीमाफी काढून घेण्याचा प्रश्न निघाला. तें करूं नये असें आमचें मन सांगत होतें. परंतु इतर सर्वांचे हात वर गेलेले पाहिले, एकट्याच्या विरोधानें काय होणार असा विचार मनांत आला, आणि आमचाही हात वर गेला. ठराव एकमतानें मंजूर अशी नोंद झाली. तो मुलगा दुसऱ्या सत्रांत शाळेंत दिसला नाहीं. आमच्या एका मतानें त्याची फी माफ झाली नसती, हें खरें आहे; पण एकमतानें हा शब्द त्या नोंदींत आला नसता. पुढच्या वर्षीं कोणीं तो प्रश्न पुन्हां काढला असता, तर आधीं एकानें तरी विरोध केला होता, एवढा आधार त्याला मिळाला असता. तो आधार आम्हीं नाहींसा केला.

म्हणून, मागच्या बाकावरील आमच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचें उत्तर असें आहे: हरणारें मत त्या दिवसाच्या निकालासाठीं मागावयाचें नसतें, पुढें जो कोणी तीच मागणी घेऊन येईल, त्याला आपण एकटे नाहीं हें कळावें म्हणून तें मागावयाचें असतें. मात्र तें मागण्यापूर्वीं गोखल्यांप्रमाणें अभ्यास केलेला असावा, आणि तें देतांना कोणाच्या उपकाराचें किंवा टाळ्यांचें ओझें हातावर नसावें. तुझ्या हातीं जेव्हां मत येईल, तेव्हां तूं आमच्यापेक्षां चांगला वागशील अशी आमची आशा आहे.